आधी पडदा मोजा, मग कार्ड मागा

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर असेंबल करून देण्याचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली आणि तेव्हापासून नवीन मशीन घेणाऱ्यांची रीघ लागली आहे. काउंटरला टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकू?"

मी उलट विचारते, "मॉनिटर कुठला आहे?"

बऱ्याच जणांना वाटतं, मी विषय बदलला. पण विषय तोच आहे. कार्डाचं काम म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवणं. १०८०पी मॉनिटरवर असे ठिपके असतात साधारण २०.७ लाख. १४४०पी वर ३६.९ लाख. फोरके वर ८३ लाख, म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट. आणि हे सगळं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढायचं, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तर १४४ वेळा. एकच कार्ड एका घरात पळतं आणि दुसऱ्या घरात धापा टाकतं, ते यामुळे.

दिवाळीच्या आधी कोरेगावहून एक काका मुलाला घेऊन आले होते. मुलाला एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०७० हवं होतं, कारण मित्राकडे तेच होतं. घरात मॉनिटर होता जुना, १९ इंची, ६० हर्ट्झचा. मी काकांना कागदावर मांडून दाखवलं की हा पडदा सेकंदाला साठच्या वर चित्रं दाखवूच शकत नाही, कार्डानं दीडशे काढून दिली तरी वरची वाया जाणार. शेवटी एक पायरी खालचं कार्ड घेतलं आणि उरलेल्या पैशांत २७ इंची १४४०पी मॉनिटर. मुलगा सुरुवातीला हिरमुसला होता. मॉनिटर चालू करून दाखवला तेव्हा खुर्ची पुढे ओढून बसला, तो उठायलाच तयार नव्हता.

म्हणून पहिलं काम हे करा : जो मॉनिटर आहे किंवा घ्यायचा आहे, त्याचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ कागदावर लिहा. त्याखाली रोजचं काम लिहा. 'गेमिंग' असं मोघम नको, कुठले गेम ते लिहा. 'एडिटिंग' नको, कुठल्या कॅमेऱ्याच्या फाइल आणि कुठलं सॉफ्टवेअर ते लिहा. हा कागद हातात असला की दुकानदार तुम्हाला काहीही गळ्यात मारू शकत नाही.

मुळात कार्ड लागतं का?

हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन फॉर्म, परीक्षेचा अभ्यास, सिनेमे, मराठी टायपिंग, ऑटोकॅडमधले साधे टूडी नकाशे, यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स पुरतं. महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांना मी कार्ड विकत नाही, ते मागत असले तरी. त्या पैशांत एसएसडी मोठी घ्या आणि रॅमच्या एकाऐवजी दोन पट्ट्या घ्या. पोटातलं ग्राफिक्स रॅमच उसनी वापरतं, त्यामुळे ८ जीबीच्या दोन पट्ट्यांवर ते १६ च्या एका पट्टीपेक्षा कितीतरी चांगलं चालतं.

इथे एक अक्षर नीट पाहा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये ७५००एफ, ८४००एफ यांचंही तसंच. एफवाला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण कार्ड कधी बंद पडलं तर ते दुरुस्त होईपर्यंत मॉनिटर काळाच राहतो. शक्य असेल तर मी बिनएफचाच देते.

आणि कोणी "२ जीबीचं कार्ड टाकून देतो, फोटोशॉप भारी चालेल" असं म्हणालं तर हात जोडा. जीटी ७३० सारखी २०१४ सालची कार्डं अजून नव्या खोक्यात मिळतात. आजच्या साध्या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स त्यांच्यापेक्षा चांगलं असतं.

कामाप्रमाणे कार्ड

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असे स्पर्धेचे गेम हलके असतात. त्यांना प्रोसेसर आणि वेगवान मॉनिटर जास्त लागतो, कार्ड मधलं चालतं. मोठे, गोष्टीवाले गेम कार्डावर भार टाकतात. त्यातही आता नवी अट आली आहे. 'डूम : द डार्क एजेस' हा मे २०२५ मधला गेम रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे मांडायची सोय नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाही. म्हणजे जीटीएक्स १६ मालिकेतलं कार्ड आज नव्या मशीनमध्ये टाकलं तर त्याचं आयुष्य मोजकंच आहे, कितीही स्वस्त पडलं तरी.

लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट सांगते, कारण आमच्याकडे लग्नसराईत हे लोक रात्र-रात्र जागतात आणि कार्डावर नको तिथे खर्च करतात. हल्लीचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं चित्रीकरण करतात. टाइमलाइन अडकते ती बहुतेक वेळा या फाइल उलगडताना, आणि त्यासाठी कार्डात किंवा प्रोसेसरात त्या प्रकाराची खास सोय लागते. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) च्या ४:२:२ फाइलींसाठी ती इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पोटातल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियात ती ५० मालिकेपासून (५०६०, ५०७० वगैरे) आली, ४० मालिकेत नाही. त्यामुळे एडिटरनं जुन्या मालिकेतलं मोठं कार्ड घेण्यापेक्षा बिनएफचा इंटेल प्रोसेसर आणि ५० मालिकेतलं मधलं कार्ड घ्यावं. खर्च कमी होतो आणि टाइमलाइनवर पुढे-मागे सरकताना माऊसबरोबर चित्र हलतं.

घरातल्या घरात एआय मॉडेल चालवून बघणारी मुलंही आता येतात. सात-आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४-बिटमध्ये दाबलं की पाच-एक जीबीत मावतं, ८ जीबीच्या कार्डावर चालतं. त्याच्या पुढे जायचं तर १६ जीबी घ्या आणि एनव्हिडियाच घ्या, कारण बरीचशी साधनं आधी कुडासाठी, म्हणजे कार्डाकडून हिशेब करून घ्यायच्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या व्यवस्थेसाठी लिहिली जातात. ब्लेंडरला एएमडी आणि इंटेलही चालतात, पण रेंडरिंगचंच पोट असेल तर मी तिथेही एनव्हिडियाच सांगते.

व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी : जिथे सगळ्यात जास्त फसगत होते

कऱ्हाडची एक मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं मशीन बाहेरून घेतलेलं, वर्षभराचं, त्यात आरटीएक्स ४०६०. सबमिशनला चार दिवस राहिले आणि रेंडरिंगचं सॉफ्टवेअर मधेच बंद पडायला लागलं. आधी ज्याला दाखवलं त्यानं विंडोज नव्यानं टाकलं, पाचशे रुपये घेतले, फरक शून्य. ती मशीन मांडीवर घेऊन रिक्षानं माझ्याकडे आली.

मी तिला म्हटलं, "तुझी फाइल उघड आणि जिथं बंद पडतं तिथं ने." बाजूला टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जीपीयू, त्यात खाली डेडिकेटेड मेमरीचा आलेख. तिनं बंगल्याच्या पुढचं अंगण उघडलं. गुलमोहर, नारळ, हिरवळ, सगळं होतं. आलेख चढत चढत ७.८ वर गेला आणि तिथे सपाट झाला. एकदम सरळ रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी. मग त्याच्या खालचा शेअर्ड मेमरीचा आलेख वर यायला लागला, चित्र अडखळलं, आणि सॉफ्टवेअर बंद.

मी दुकानातलं जुनं आरटीएक्स ३०६० काढलं, १२ जीबीचं. २०२१ सालचं कार्ड, वेगात ४०६० च्या मागे. तेच मशीन, तीच फाइल. आलेख ९.६ वर जाऊन थांबला आणि अंगण शांतपणे फिरलं. ती नुसती बघत राहिली. सबमिशन होईपर्यंत ते कार्ड मी तिच्याकडेच राहू दिलं.

व्हीरॅम म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओटा. स्वयंपाकी कितीही चपळ असला तरी ओट्यावर जागा नसली की परातीसाठी दुसऱ्या खोलीत हेलपाटे घालावे लागतात. कार्डाचं असंच होतं. व्हीरॅम भरली की ते मशीनच्या साध्या रॅमकडे धावतं, आणि तो रस्ता फार हळू आहे. वेग थोडा कमी असला तर सेटिंग उतरवून भागतं, जागा कमी पडली तर काम अडतं. आणि ही जागा नंतर वाढवता येत नाही. रॅमची पट्टी नंतर टाकता येते, व्हीरॅम कार्डावर डाग देऊन बसवलेली असते.

माझा आजचा हिशेब असा आहे. १०८०पी वर हलके गेम आणि थोडंफार एडिटिंग, ८ जीबी चालेल. १४४०पी, किंवा १०८०पी वरच मोठे गेम सगळ्या सेटिंग वर ठेवून, १२ च्या खाली उतरू नका. आर्किटेक्चर, थ्रीडी, एआय, किंवा कार्ड पाच वर्षं काढायचंच असा निश्चय असेल, तर १६. ज्यांना शक्य आहे त्यांनी घ्यायच्या आधीच मित्राच्या मशीनवर आपली फाइल किंवा गेम उघडून तो टास्क मॅनेजरमधला आलेख बघून यावं. दहा मिनिटांचं काम आहे.

नाव एक, माल दोन

आता नावांबद्दल. खोक्यावरचं नाव पुरेसं नाही, हे मी रोज कुणाला तरी सांगते. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं एक आणि ६ जीबीचं एक. वाटतं, फक्त दोन जीबीचा फरक. प्रत्यक्षात ६ जीबीवाल्यात कोअरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड वेगळं आणि नंतर आलेलं ८ जीबीचं वेगळं, दुसरं सरळ हळू आहे. जीटी १०३० चा डीडीआर४ मेमरीवाला अवतार तर मूळ कार्डाच्या जवळपासही जात नाही. आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ ची दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबीत मिळतात. त्यांच्या खोक्यांवर मोठं नाव सारखंच असतं, जीबीचा आकडा बारीक असतो. म्हणून बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या, जीबीसकट.

आरएक्स ६५०० एक्सटी मी नव्या मशीनलाही सुचवत नाही. ४ जीबी, मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, आणि व्हिडिओ एन्कोड करायची सोयच नाही. स्ट्रीमिंग करू म्हणून घेणारा हमखास फसतो.

लेनचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय आणि इंटेलचं आर्क बी ५८० ही कार्डं आठच लेन वापरतात. नव्या बोर्डवर त्यानं काही बिघडत नाही. पण रायझन ५६००जी किंवा ए५२० बोर्ड अजून नवा म्हणून विकला जातो आणि तिथे कार्डाचा रस्ता जुन्या, हळू पिढीचाच (पीसीआयई ३.०) आहे. तिथे ८ जीबीचं आठ लेनवालं कार्ड टाकलं आणि व्हीरॅम भरली, की हेलपाटे घालायचा रस्ताही निम्म्या रुंदीचा होतो. अशा मशीनला १६ लेनचं आरएक्स ९०६० एक्सटी जास्त शोभतं.

कुठली कंपनी, यावर पोरं हमरीतुमरीवर येतात. माझं मत साधं आहे. काम कुडा मागत असेल तर एनव्हिडिया, तिथे चर्चा नको. निव्वळ गेमसाठी १६ जीबीचं ९०६० एक्सटी या घडीला मला सगळ्यात समाधानाचं वाटतं, आणि एएमडीचं एफएसआर ४ हे चित्र मोठं करायचं नवं तंत्र अधिकृतपणे ९००० मालिकेतच मिळतं. बी ५८० मध्ये १२ जीबी आहे, किंमत खाली असते, पण ते जुन्या किंवा कमजोर प्रोसेसरबरोबर मार खातं आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असलाच पाहिजे. नव्या, दमदार प्रोसेसरबरोबर घ्यायचं असेल तर खुशाल घ्या.

जाहिरातीतले आकडे वाचताना एवढं पाहा : 'फ्रेम जनरेशन चालू' असं बारीक अक्षरात लिहिलेलं आहे का. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतः एक-दोन-तीन चित्रं भरतं आणि आकडा फुगतो. मुळात साठ फ्रेम येत असतील तर त्यानं हालचाल गुळगुळीत दिसते. मुळात पंचवीसच येत असतील तर माऊस जड तो जडच राहतो. तुलना नेहमी ती सोय बंद असतानाच्या आकड्यांची करा.

किमती मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटापासून मेमरी महागत चालली आहे आणि मीच सोमवारचा दर शुक्रवारी देऊ शकत नाही. प्रमाण मात्र सांगते : गेमच्या मशीनमध्ये मॉनिटर सोडून एकूण पैशाचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के कार्डात, एडिटिंगच्या मशीनमध्ये पाव हिस्सा. दुकानदार तोंडी दर सांगतो तेव्हा त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही तिथल्या तिथे विचारा.

एसएमपीएस

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. इथे मी सगळ्यात कडक आहे, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी वाईच्या एका फोटोग्राफरनं कार्ड माझ्याकडून घेतलं आणि पैसे वाचवायला एसएमपीएस दुसरीकडून, सातशे रुपयांचा. मी हो म्हटलं. ते मला अजून लागतं. तीन आठवड्यांनी लाइट गेली, आली, आणि त्या डब्यानं बोर्ड आणि कार्ड दोन्ही नेलं. दोन लग्नांचं काम त्या मशीनवर होतं. हार्ड डिस्क वाचली म्हणून लोकांचे व्हिडिओ वाचले. तेव्हापासून कार्ड देताना मी एसएमपीएसचा स्टिकर स्वतःच्या डोळ्यांनी बघते.

तुम्हीही तो असा वाचा. वर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' असेल, तिकडे बघू नका. खालच्या तक्त्यात '+१२व्ही' असा रकाना असतो, त्याखाली अँपिअर. कार्ड जेवतं ते याच ताटातून. बारा गुणिले अँपिअर करा. त्या सातशेच्या डब्यावर १६ अँपिअर होते, म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा नुसता रंग. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४४-४५ अँपिअर दिसतात. हातात घेऊनही कळतं, खरा माल वजनाला भरतो.

आरटीएक्स ५०६० स्वतः १४५ वॅटपर्यंत घेतं आणि कंपनी त्यासाठी ५५० चा एसएमपीएस सांगते. ५०६० टीआय १८० वॅट, त्याला ६००. ५०७० अडीचशे वॅट, त्याला ६५०. मदरबोर्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनच्या एका केबलमधून १५०. मोलेक्सवरून (जुनी चार पिनची जोडणी) आठ पिन करणारी वीस-तीस रुपयांची जोडणी मिळते, ती दुकानातच ठेवून या. तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस बऱ्याचदा १८० ते ३०० वॅटचाच असतो आणि आकारही त्यांचा स्वतःचा, बदलता येत नाही. तिथे वेगळी केबल न लागणारं कार्ड एवढाच मार्ग. वर नावं ठेवलेलं ६ जीबीचं ३०५० तिथे मात्र कामाला येतं, ते ७० वॅटमध्ये भागवतं.

यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचाच. गेम चालू असताना लाइट गेली की तो टीं करून मान टाकतो. हजार-अकराशेचा घ्या. आणि अर्थिंग तपासून घ्या. वायरमन काकांना म्हणावं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून दाखवा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आमच्या भागात जुन्या वाड्यांतून हे बघितल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

टेप घेऊन या

कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर शिंप्याच्या टेपनं मोजा. मिलिमीटरमध्ये. कार्डाची लांबी त्यापेक्षा निदान वीस-पंचवीस मिलिमीटर कमी हवी, नाहीतर आत घालताना तिरकं करायला जागा उरत नाही. जाडीही पाहा, अडीच खाचांचं कार्ड खालची जोडणी झाकून टाकतं. पुढून काच लावलेलं बंद कॅबिनेट दिसायला सुंदर, पण एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते. जाळीचं घ्या. दोन पंखे की तीन, दिवे कुठल्या रंगाचे, यावर मी कुणाचा वेळ घालवत नाही. दीडशे वॅटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात.

कुठून घ्यायचं

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, किंवा आपल्या गावातलं दुकान. गावातलं दुकान दोन-चारशेनं महाग पडेल, पण वॉरंटीचं खोकं पाठवायचा त्रास तेच घेईल, हे धरून तुलना करा. बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं, आणि त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर. भारतात बऱ्याच कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, ती या नंबरावर चालते. खोक्यावरचा नंबर आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर दुकानातच जुळवा.

अमेरिकेतला भाचा, दुबईतला दीर कार्ड आणून देतो म्हणतात. किंमत कमी दिसते खरी. पण तिकडच्या कार्डाची वॉरंटी बहुतेक वेळा इथे कोणी धरत नाही, आणि बिघडलं की भाच्याच्या पुढच्या सुट्टीची वाट बघावी लागते. खास त्यासाठी मागवू नका.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर

घ्या, पण बसून घ्या. कुरिअरनं, आगाऊ पैसे भरून, कधीही नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली, ती अजून हात बदलत फिरत आहेत. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. बघून घ्यावं लागतं एवढंच.

मी असं बघते. आधी उजेडात धरते. स्क्रूची डोकी झिजलेली असली तर ते उघडलं गेलं आहे, का उघडलं ते विचारा. मागच्या पट्टीला गंज असेल तर कार्ड दमट जागी राहिलंय. चिपळूण-रत्नागिरीकडून आलेल्या कार्डांवर मी हे आधी बघते, खारा वारा पत्र्याला लगेच कळतो. चिपभोवती तेलकट ओघळ म्हणजे थर्मल पॅड पाझरले आहेत, ते बदलता येतात, तेवढे पैसे कमी करा. पंखा बोटानं फिरवला तर खरखर न होता फिरायला हवा. नाक जवळ न्या. जळका वास कितीही पुसला तरी जात नाही.

मग मशीनला लावून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. मायनिंगच्या लाटेत ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेल्या काही कार्डांच्या पोटात २०११ सालची चिप निघाली होती, वरचा बायोस तेवढा बदललेला. अशा बनावट कार्डाच्या नावापुढे जीपीयू-झेड कंसात 'फेक' असं लिहून दाखवतं. त्यानंतर अर्धा तास एखादा जड गेम. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी, आडव्या रेघा दिसल्या की उठा. तापमान सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान स्थिरावलं तर ठीक, नव्वदीकडे धावलं तर नको. विकणारा "पाच मिनिटांत बघा, मला जायचंय" म्हणाला तर त्याला जाऊ द्या.

जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० स्वस्तात मिळतात, पण एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांच्यासाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं आहे. नव्या मशीनसाठी ती आता सोडून द्या.

बसवताना

स्विच बंद, वायर काढलेली, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मागच्या दोन पट्ट्या काढा. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळची लांब खाच घ्यायची, खालची नाही. खाचेच्या टोकाचा खटका आधी खाली दाबून ठेवा. कार्ड दोन्ही हातांनी कडेला धरून सरळ उभं दाबा. 'टक्' असा आवाज येतो आणि खटका आपोआप वर येतो. तो आवाज आला नाही तर कार्ड बसलेलं नाही, स्क्रू लावून ते बसत नसतं. मग स्क्रू, मग वीजेची केबल. सोळा पिनची नवी जोडणी असेल तर ती फट अजिबात न दिसेपर्यंत आत ढकला आणि तिच्या तोंडाशी वायर मोडून वळवू नका. अर्धवट बसलेली असली तर तीच जागा तापते. लांब कार्ड लोंबत असेल तर खालून टेकू द्या.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा. मदरबोर्डला नाही. नवं मशीन घेऊन "ताई, गेम अडकतोय" म्हणत आलेल्या कितीतरी जणांची मी फक्त ही केबल थोडी खाली सरकवून दिली आहे. मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू आहे ना ते बघणं, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत जाऊन हर्ट्झ बदलणं. १४४ किंवा १८० चा मॉनिटर घेऊन लोक वर्षभर ६० वरच बघत बसतात, कारण तो आकडा आपोआप बदलेलच असं नाही.

पहिले आठ दिवस रोज तासभर तरी मशीनला जड काम द्या. सदोष कार्ड बहुतेक याच दिवसांत बोलतं, आणि तेव्हा दुकानदार बदलून द्यायला सहज तयार असतो. खोकं, आतला फोम आणि बिल तीन वर्षं माळ्यावर ठेवा. बिलाचा फोटोही काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पुसून जाते.